चर्चिल आणि समोरासमोरची बाकं

नमस्कार, श्रोतेहो.

१० मे १९४१ ची रात्र. लंडनवर जर्मन विमानं बॉम्ब टाकत होती. त्या रात्री ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभेचं, म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाचं, दालन जळून गेलं. छप्पर खाली आलं, बाकं राख झाली, सभापतींच्या खुर्चीच्या जागी दगडमातीचा ढीग उरला. सभासदांनी मग लॉर्ड्स सभेच्या, म्हणजे सरदारांच्या सभागृहाच्या, दालनात बसून काम चालू ठेवलं.

अडीच वर्षांनी, २८ ऑक्टोबर १९४३ ला, पंतप्रधान विन्स्टन चर्चिल या जळालेल्या दालनाविषयी बोलायला उभे राहिले. युद्ध ऐन भरात होतं. इटलीत सैन्य लढत होतं, फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरायला अजून सात महिन्यांहून जास्त अवधी होता. आणि हा माणूस त्या दिवशी काय सांगत होता? खोलीचा आकार कसा असावा, हे. नवं दालन जुन्यासारखंच लांबट चौकोनी हवं, अर्धवर्तुळाकार नको, ही त्यांची पहिली मागणी. आणि दालन एवढं मोठं बांधू नका की सगळ्या सभासदांना एकाच वेळी बसायला जागा मिळेल, ही दुसरी.

ही दुसरी मागणी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती विक्षिप्तपणाची वाटली होती. सहाशेच्या वर सभासद, आणि त्यांना बसायला जागा कमी ठेवायची? पण चर्चिल यांचं म्हणणं ऐका. ते म्हणाले, सगळ्यांना पुरेल एवढं दालन बांधलंत तर दहातल्या नऊ चर्चा अर्ध्या रिकाम्या खोलीत होतील, आणि रिकाम्या खोलीत बोलण्याची उमेद मरते. कॉमन्स सभेतलं चांगलं भाषण म्हणजे संभाषण. मध्येच कोणी तरी उठून विचारावं, लगेच उत्तर मिळावं. त्यासाठी जागा आटोपशीर लागते. आणि देशावर मोठा प्रसंग येईल त्या दिवशी लोक दाटीवाटीने उभे आहेत, पायऱ्यांवर बसले आहेत, असं दिसलं पाहिजे. आज काही तरी महत्त्वाचं ठरतंय, हे त्या गर्दीनेच कळतं.

आपल्याकडे ओसरीवर बसून झालेलं बोलणं आणि मैदानावरचं व्याख्यान यांत जो फरक आहे, तोच हा. मैदानावर वक्ता शंभर गोष्टी बिनधास्त ठोकून देतो. ओसरीवर समोरचा म्हातारा म्हणतो, "थांब जरा, ते कसं काय?" आणि तिथे बोलणाऱ्याचा कस लागतो.

आता पहिली मागणी. अर्धवर्तुळ का नको? चर्चिल म्हणाले, अर्धवर्तुळात माणूस नकळत सरकत जातो. हवा बदलली की थोडा डावीकडे, पुन्हा बदलली की थोडा उजवीकडे, रंगाची छटा हळूहळू बदलत. समोरासमोरच्या बाकांत तसं करता येत नाही. इकडचं बाक सोडून तिकडच्या बाकावर जायचं तर मधली मोकळी जागा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालत ओलांडावी लागते. ते गंभीर विचाराने करायचं काम आहे, असं सांगून ते म्हणाले, मला हे चांगलं ठाऊक आहे, कारण ते अवघड काम मी एकदा नव्हे, दोनदा केलं आहे.

याच भाषणात त्यांचं ते प्रसिद्ध वाक्य आहे: आपण इमारतींना आकार देतो, आणि मग इमारती आपल्याला आकार देतात. हे वाक्य वास्तुरचनेच्या पुस्तकांत पुष्कळदा छापलं जातं. माझ्या मते ते राजकारणाविषयीचं वाक्य आहे, आणि चर्चिल यांच्या सगळ्या राजकीय विचाराची किल्ली त्यात आहे.

मी बरीच वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. 'कॉन्झर्व्हेटिव्ह' या शब्दापाशी मी दरवर्षी अडखळायचो. आपल्या जुन्या वर्तमानपत्रांनी त्या पक्षाला 'हुजूर पक्ष' म्हटलं आणि लेबरला 'मजूर पक्ष'. यमक झकास जुळलं, पण विचार निसटला. 'सनातनी' म्हणावं तर धर्माचा वास येतो. 'पुराणमतवादी' म्हणावं तर जुनं ते सोनं म्हणणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. इंग्लंडमधल्या या विचाराचा गाभा वेगळा आहे. समाजाच्या संस्था कोणी एका माणसाने एका दिवशी कागदावर आखलेल्या नसतात. अनेक पिढ्यांच्या चुका, तडजोडी आणि अनुभव त्यांच्यात मुरलेले असतात. म्हणून त्या बदलायच्या, पण घर दुरुस्त करताना आपण जसं एक भिंत टेकू देऊन मग काढतो, तशा बेताने. चर्चिल त्या भाषणात म्हणालेच, रूढीच्या तुलनेत तर्क हा वाईट वाटाड्या आहे.

या विचाराचा मूळपुरुष एडमंड बर्क. अठराव्या शतकातला आयरिश वंशाचा खासदार. अमेरिकेतल्या वसाहतींची बाजू त्याने घेतली, आणि फ्रान्समध्ये क्रांती झाली तेव्हा १७९० मध्ये तिच्याविरुद्ध लेखणी उचलली. लोक म्हणाले, हा उलटला. चर्चिल यांनी १९३२ च्या आपल्या लेखसंग्रहात राजकारणातल्या सुसंगतीवर एक निबंध ठेवला आहे, त्यात ते बर्कची वकिली करतात. म्हणतात, जुलूम राजाच्या दरबारातून येवो की स्वातंत्र्याच्या घोषणा देणाऱ्या झुंडीकडून, बर्कचा जीव त्याविरुद्ध सारखाच पेटून उठला. नाव एका बाजूला कलली तर नावाडी आपलं वजन दुसऱ्या बाजूला टाकतो. मग वारा फिरला की पुन्हा पहिल्या बाजूला. दोन्ही वेळी त्याचा हेतू एकच असतो.

हे लिहिताना चर्चिल स्वतःचीही बाजू मांडत होते, हे उघड आहे. १९०० साली ते हुजूर पक्षातर्फे निवडून आले. १९०४ मध्ये खुल्या व्यापाराच्या प्रश्नावर मधली जागा ओलांडून उदारमतवाद्यांत गेले. १९२४ मध्ये परत आले. त्यांना संधिसाधू म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत, आणि त्यांच्या महत्त्वाकांक्षेविषयी मला काही शंका नाही. पण त्यांची चाळीस वर्षांची भाषणं एकापाठोपाठ एक वाचली की एक धागा हाताला लागतो.

१९०६ साली ग्लासगोमध्ये ते म्हणाले, आम्हाला एक रेषा आखायची आहे. त्या रेषेच्या खाली कोणालाही जगू द्यायचं नाही, राबू द्यायचं नाही. रेषेच्या वर मात्र माणसाने आपल्या सगळ्या ताकदीनिशी स्पर्धा करावी. इमारत पाडायची नाही, दरीवर जाळं पसरायचं. बोलून थांबले नाहीत. व्यापारमंत्री झाल्यावर १९०९ मध्ये त्यांनी दोन कायदे आणले. एकाने रोजगार विनिमय केंद्रं निघाली. दुसऱ्याने, घरोघर आणि कोंदट कारखान्यांत ज्यांची पिळवणूक होत होती अशा काही धंद्यांतल्या कामगारांना, ज्यांत बायका पुष्कळ होत्या, किमान वेतन मिळालं. १९११ च्या बेकारी विम्यामागेही त्यांचा हात होता. तेव्हा ते उदारमतवादी होते, असं तुम्ही म्हणाल. मग मार्च १९४३ चं त्यांचं रेडिओवरचं भाषण घ्या. तेव्हा ते हुजूर पक्षाचे नेते होते. पाळण्यापासून थडग्यापर्यंत सगळ्या वर्गांना सक्तीचा विमा, असं ते त्यात म्हणाले. आणि लहान मुलांच्या पोटात दूध घालण्याइतकी चांगली गुंतवणूक कुठल्याही समाजाला करता येणार नाही, असंही म्हणाले. रेषा तीच होती, १९०६ ची.

रेडिओचा विषय निघाला म्हणून त्यांची एक मोठी चूकही सांगतो, कारण ती रेडिओवरच घडली. ४ जून १९४५. युरोपातलं युद्ध संपून महिनाही झाला नव्हता, निवडणूक डोक्यावर होती. चर्चिल यांनी श्रोत्यांना सांगितलं की समाजवादी सरकार आलं तर त्याला कुठल्या ना कुठल्या प्रकारची गेस्टापो, म्हणजे नाझींसारखी गुप्त पोलीस यंत्रणा, ठेवावी लागेल. मजूर पक्षाचे नेते असलेल्या ज्या ॲटलींनी पाच वर्षं त्यांच्या खांद्याला खांदा लावून युद्ध चालवलं, त्यांच्या पक्षाविषयी हे! ॲटलींनी दुसऱ्या दिवशी त्याच रेडिओवरून शांतपणे उत्तर दिलं. जुलैअखेर निकाल लागला तेव्हा मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या होत्या आणि चर्चिल सत्तेबाहेर होते. सर्वंकष राज्यसत्तेची भीती ही त्यांच्या विचारातली खरी आणि मोलाची गोष्ट होती. पण त्या दिवशी त्यांनी ती आपल्या सज्जन शेजाऱ्याच्या अंगावर फेकली, आणि लोकांना ते आवडलं नाही. त्यांच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की लोकांच्या कृतघ्नपणाविषयी कोणी बोललं तेव्हा चर्चिल म्हणाले, मी तसं म्हणणार नाही, त्यांनी फार हाल सोसले आहेत.

१९५१ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले. मजूर पक्षाने उभारलेली आरोग्यसेवा त्यांनी मोडली नाही. पोलाद आणि रस्त्यावरची मालवाहतूक सोडली तर राष्ट्रीयीकरणाला हात लावला नाही. युद्धकाळात आलेलं ओळखपत्र मात्र १९५२ मध्ये रद्द केलं. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात. लोकांच्या अंगवळणी पडलेली उपयोगी संस्था राहू दिली, आणि पोलिसाला वाटेल तेव्हा नागरिकाकडे 'कागद दाखव' म्हणण्याची मुभा देणारी सवय मोडली.

लोकशाही ही सगळ्यात वाईट राज्यपद्धती आहे, आजवर करून पाहिलेल्या बाकी सगळ्या सोडून, हे वाक्य तुम्ही चर्चिल यांच्या नावावर शेकडो वेळा ऐकलं असेल. ते म्हणाले कधी? ११ नोव्हेंबर १९४७ ला, विरोधी बाकावरून. लॉर्ड्स सभेला विधेयक दोन वर्षं रोखण्याचा अधिकार होता, तो मजूर सरकार एका वर्षावर आणत होतं, त्याला विरोध करताना. आणि स्वतः चर्चिल 'असं म्हटलं गेलं आहे' म्हणून ते सांगतात, म्हणजे वाक्य आपलं असल्याचा त्यांचा दावा नाही. ज्या १९११ च्या कायद्याने लॉर्डांचे पंख पहिल्यांदा छाटले, त्या कायद्याच्या बाजूने तरुण चर्चिल हिरिरीने लढले होते. तेव्हा सरदारांच्या सभेने जनतेची वाट अडवली म्हणून, आणि आता बहुमताच्या सरकारला लगाम राहणार नाही म्हणून. नावाड्याने पुन्हा बाजू बदलली होती. त्याच भाषणात, या वाक्याला लागूनच, ते म्हणतात की राज्य लोकांनी करायचं, आणि ते सतत करत राहायचं. मंत्री हे लोकांचे नोकर आहेत, मालक नाहीत. हे वाक्य मला त्या गाजलेल्या वाक्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

इथपर्यंत मी चर्चिल यांच्याविषयी आदराने बोललो. तो आदर खरा आहे. पण मी मराठी माणूस आहे, आणि पुढचं बोलल्याशिवाय मला हे भाषण संपवता येणार नाही.

ऑक्टोबर १८९६ मध्ये एकवीस वर्षांचे लेफ्टनंट चर्चिल मुंबईला ससून डॉकवर उतरले. होडी लाटांवर वरखाली होत होती. त्यांनी धक्क्यावरची लोखंडी कडी पकडली, होडी खाली गेली आणि उजवा खांदा निखळला. ते दुखणं त्यांना जन्मभर पुरलं. तिथून पलटण पुण्याला आली. गव्हर्नर लॉर्ड सॅन्डहर्स्ट यांनी त्यांना जेवायला बोलावलं. चर्चिल आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहितात की गव्हर्नरसाहेबांनी मत विचारलं आणि मी ते भरभरून दिलं. दोन दिवसांच्या अभ्यासानंतर हिंदुस्थानविषयी माझं मत फार चांगलं झालं होतं. पुण्यात गव्हर्नर राहायचे त्या गणेशखिंडीतल्या वास्तूत आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे.

तिथून फार लांब नाही असं फर्ग्युसन कॉलेज. त्या वर्षी तिथे गोपाळ कृष्ण गोखले शिकवत होते. बर्कच्या लिखाणाचा गोखल्यांवर केवढा प्रभाव होता, हे त्यांची भाषणं वाचणाऱ्याला सांगायला नको. चर्चिल पुढे बंगळूरच्या छावणीत दुपारभर पुस्तकं वाचत बसले. गिबन वाचला, मेकॉले वाचला. पण त्या रात्री पुण्यात, काही मैलांच्या अंतरावर, त्यांच्याच देशाची संसदीय परंपरा मनापासून आत्मसात केलेला एक माणूस होता, हे त्यांना कळलं नाही. मला वाटतं, पुढच्या पन्नास वर्षांतही ते त्यांना पुरतं कळलं नाही.

बर्कचंच उदाहरण घ्या. बंगालचा गव्हर्नर जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जवर जो महाभियोग १७८८ ते १७९५ असा सात वर्षं चालला, त्याचा सूत्रधार बर्क होता. सत्ता ही विश्वस्ताकडे दिलेली ठेव आहे, आणि ठेवीचा हिशेब हिंदुस्थानातही द्यावा लागेल, हे त्याचं म्हणणं होतं. रूढीला मान द्यायचा तर हिंदुस्थानच्या रूढींनाही मान दिला पाहिजे, एवढा तो सुसंगत होता. चर्चिल यांनी आपल्या निबंधात बर्कला सुसंगत ठरवलं, पण त्याच्या विचाराचा हा अर्धा भाग त्यांच्या राजकारणात उतरला नाही.

एकदा मात्र उतरला होता. जुलै १९२० मध्ये कॉमन्स सभेत जालियनवाला बागेची चर्चा झाली तेव्हा युद्धमंत्री चर्चिल यांनी जनरल डायरचा धिक्कार केला. ही राक्षसी घटना आहे, असं ते म्हणाले. दहशत हे ब्रिटिश औषधसंग्रहातलं औषध नव्हे, असं म्हणाले. त्या दिवशी त्यांच्यात बर्क बोलत होता. पण ते निःशस्त्र माणसाला मारण्याविषयी होतं. त्याच माणसाने राज्य मागितलं तेव्हा सूर बदलला. फेब्रुवारी १९३१ मध्ये त्यांनी गांधीजींना अर्धनग्न अवस्थेत व्हाईसरॉयच्या वाड्याच्या पायऱ्या चढणारा, फकिराचं सोंग घेतलेला वकील म्हटलं. पुढच्याच महिन्यात अल्बर्ट हॉलमध्ये म्हणाले की हिंदुस्थान ब्राह्मणांच्या हाती सोडणं हा दुष्टपणा ठरेल, आणि त्यासाठी अस्पृश्यांच्या दुःखाचा दाखला दिला. दुःख खरं होतं. पण शतकभराहून जास्त काळ राज्य करणाऱ्या सत्तेने ते दुःख स्वतःची मुदत वाढवून घ्यायला पुढे करावं, हे मला पटत नाही.

इथे बाबासाहेबांची आठवण येते. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकर म्हणाले की संविधानिक नीती ही निसर्गतः येणारी भावना नाही, ती जोपासावी लागते. भारतातली लोकशाही ही मुळात लोकशाहीविरोधी असलेल्या जमिनीवर वरून पसरलेला थर आहे. चर्चिल यांचं निदान याहून फार वेगळं नव्हतं. चर्चिल त्यावरून म्हणाले, म्हणून यांना राज्य देऊ नका. बाबासाहेब म्हणाले, म्हणून जपून बांधा, आणि प्रत्येक प्रौढ माणसाला मत द्या. इमारती माणसाला आकार देतात यावर चर्चिल यांचा एवढा विश्वास होता, तर नव्या इमारतीत नवी माणसं घडतील हे त्यांना आमच्या बाबतीत का सुचू नये?

आणि ज्या ऑक्टोबर १९४३ मध्ये ते कॉमन्सच्या बाकांविषयी एवढं सुंदर बोलले, त्याच महिन्यात कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसं भुकेने मरत होती. बंगालच्या त्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं गेली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दुष्काळाची कारणं अनेक आहेत आणि कोणाचा वाटा किती यावर इतिहासकारांत वाद आहे. पण धान्याची जहाजं पाठवा म्हणून दिल्लीहून वारंवार मागण्या गेल्या आणि लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने त्या पुरेशा प्रमाणात मान्य केल्या नाहीत, यात वाद नाही. ज्या देशात सरकारला समोरच्या बाकावरून कोणी जाब विचारू शकत नाही, त्या देशात दुष्काळाचं काय होतं, हे चर्चिल यांच्याच तत्त्वाने समजावून सांगता येतं. त्यांनी तसं समजावून घेतलं नाही.

१९४४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दोन कागद लिहिले गेले. पहिला १७ जुलैचा, पाचगणीहून. आगाखान पॅलेसमधून सुटून आलेले, कस्तुरबांना तिथेच गमावलेले गांधीजी चर्चिल यांना लिहितात: नागड्या फकिराला चिरडण्याची तुमची इच्छा आहे असं ऐकतो. फकीर व्हायचा, आणि तोही नागडा, हा माझा फार दिवसांचा प्रयत्न आहे, आणि ते जास्त अवघड आहे. म्हणून तुमच्या मनात नसलं तरी तो शब्द मी गौरव समजतो. तुमच्या आणि माझ्या लोकांसाठी माझ्यावर विश्वास ठेवा आणि माझा उपयोग करून घ्या.

दुसरा कागद २८ ऑगस्टचा, चर्चिल यांचा, इटलीच्या जनतेला. फॅसिस्टांच्या जोखडातून सुटणाऱ्या लोकांना ते सांगतात की स्वातंत्र्य ओळखायचं कसं. मोकळेपणाने मत मांडायचा आणि सरकारवर टीका करायचा हक्क आहे का? नको असलेलं सरकार घालवायचे घटनात्मक मार्ग आहेत का? न्यायालयं सरकारच्या दडपणापासून मुक्त आहेत का? ती उघड आणि रुजलेले कायदे लावतात का? गरिबाला श्रीमंतासारखाच न्याय मिळतो का? राज्याविषयीची कर्तव्यं सांभाळून व्यक्तीचे हक्क टिकतात का? आणि कुटुंबासाठी राबणारा साधा शेतकरी किंवा कामगार, एका पक्षाच्या ताब्यातले पोलीस येऊन आपल्याला उचलून नेतील आणि खटल्याशिवाय डांबतील, या भीतीपासून मुक्त आहे का?

मी हे सातही प्रश्न वर्गात फळ्यावर लिहायचो. कुठल्याही पक्षाचं नाव न घेता कुठल्याही सरकारला विचारता येतील इतके ते सरळ आहेत. मुलं ते वहीत उतरवून घेत, आणि मग मी विचारायचो, त्या दिवशी नगरच्या किल्ल्यात कोण होतं? ऑगस्ट १९४२ पासून जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल अहमदनगरच्या किल्ल्यात बंद होते. खटला नव्हता. सातवा प्रश्न लिहिणारा माणूसच त्यांचा तुरुंगाधिकारी होता. वर्ग गप्प व्हायचा. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, पण प्रश्न तर बरोबर आहेत ना?" मी म्हटलं, हो, प्रश्न बरोबर आहेत.

कॉमन्सचं नवं दालन ऑक्टोबर १९५० मध्ये खुलं झालं. चौकोनी, समोरासमोरच्या बाकांचं. सभासद सव्वासहाशे आणि जागा ४२७. बॉम्बने फुटलेली जुन्या कमानीची दगडं चर्चिल यांच्या सूचनेवरून तशीच प्रवेशापाशी ठेवली आहेत. राष्ट्रकुलातल्या देशांनी नव्या दालनाला भेटी पाठवल्या: सभापतींची खुर्ची ऑस्ट्रेलियाने दिली, मधलं टेबल कॅनडाने, आणि दालनाची दारं भारताने आणि पाकिस्तानने. चर्चिल तेव्हा विरोधी पक्षनेते होते. सभापतींच्या डाव्या हाताला, पहिल्या बाकावर, त्यांची जागा होती.

नमस्कार.